चिऊ-काऊची गोष्ट : पोथींतून पडद्यावर

मराठी मुलाच्या कानीं पडणारी पहिली गोष्ट बहुधा एकच असते : शेणाच्या घरांत राहणारा कावळा आणि मेणाच्या घरांत राहणारी चिमणी यांची. पाऊस येतो, एक घर वाहून जातें, दुसरें टिकतें आणि बंद दारापुढें कावळा भिजत राहतो. या कथेंत परी नाहीं. पण पक्षी बोलतात, मेणाचीं घरें बांधतात. तेव्हां परीकथेचें सारें मर्म तींत आहेच. ही गोष्ट किती जुनी असावी?

तिचा लेखी पुरावा थेट तेराव्या शतकांतला आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मराठी गद्याचा आद्य ठेवा मानला जातो. त्यांत ही कथा आहे; मात्र चिमणीच्या जागीं तेथें साळई आहे. ग्रंथकर्ते म्हाइंभट हे गोदातीरावरील सराळें गांवचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्यांतले. स्वामींच्या सहवासांत आलेल्या माणसांना गांठून, त्यांनीं पाहिलें-ऐकिलें तें विचारून त्यांनीं हा ग्रंथ सिद्ध केला. एकाची आठवण दुसऱ्याहून निराळी पडली, तर त्या फरकाचीही नोंद महानुभावांच्या पोथ्यांतून आढळते.

पुढें या ग्रंथाचें नशीब चमत्कारिक निघालें. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली व अनुयायांनीं ती आठवणींतून पुन्हां जुळविली, असें परंपरा सांगते. नंतर पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिण्याची चाल पाडली. त्यामुळें शेंकडों वर्षें लीळाचरित्र बाहेरच्या वाचकाला बंदच होतें. विसाव्या शतकांत ह. ना. नेने यांनीं तें संपादून छापलें, तेव्हां कोठें तें सर्वांसमोर आलें. पण तोंवर चिऊ-काऊची गोष्ट अडून राहिली होती काय? ज्यांनीं पोथीचें नांवही ऐकलें नव्हतें, त्या आयाआज्यांनीं ती घरोघरीं चालू ठेविली.

छपाई आल्यावर मुलांच्या गोष्टींना दुसरी वाट मिळाली. तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यांत १८०६ मध्यें इसापाच्या गोष्टी मराठींत निघाल्या. १८२८ मध्यें सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ आलें. तिसरी वाट अलीकडची. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेनें २०१५ मध्यें ‘स्टोरीविव्हर’ हें गोष्टींचें भांडार आंतरजालावर खुलें केलें. त्यांतील सचित्र गोष्टी मराठींतही आहेत; त्या फुकट वाचाव्या, छापाव्या, भाषांतरित कराव्या, अशी मोकळीक आहे. २०१७ मध्यें केंद्र सरकारचें ‘दीक्षा’ हें शैक्षणिक व्यासपीठ आलें. एकेकाळीं कुलुपांत असलेली विद्या अशी खेड्यांतील शाळेच्या दारीं आली, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, पडद्यावर गोष्ट लावून शिक्षक बाजूला बसले, तर ती पुन्हां बंद पोथीच होईल. कारण पडदा थांबून मुलाला कांहीं विचारीत नाहीं. चित्र दाखवून मध्येंच थांबावें. तुमच्या घरीं कावळ्याला शेवटीं आंत घेतात कीं नाहीं, तें विचारावें. प्रत्येक मुलानें आपल्या आजीचा पाठ आपल्या बोलींत सांगावा, शिक्षकांनीं तो उतरून घ्यावा आणि त्याच भांडारांत घालावा. सराळ्याच्या म्हाइंभटांनीं सातशें वर्षांपूर्वीं याहून निराळें काय केलें होतें?