घुमट आणि स्पीकरचे खोके

घरी स्पीकर बांधायला निघालेला नवशिका खोक्याला निव्वळ सजावट समजतो. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवा, आवाज किरटा येईल. पडद्यापुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती विरळ होते; दोन्ही लाटा कडेवरून एकमेकींना भेटतात आणि खर्ज मिटून जातो. म्हणून मागची लाट कोंडायची. कॅसेटच्या जमान्यात कित्येकांनी हे काम मातीच्या मडक्यावर भागवले, आणि ते वेडेपण नव्हते. मडक्याची गोल भिंत कडक असते, पातळ प्लायवूडसारखी थरथरत नाही.

खोक्याला भोक ठेवून मागच्या लाटेलाही राबवण्याची युक्ती बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांची. पेटंट १९३२ चे. भोकाचे नेमके गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले, म्हणजे आपल्या मुक्तीच्याच वर्षी.

मला मात्र इथे चवथीची आरती आठवते. घुमटाच्या रुंद तोंडावर चामडे, दुसरे अरुंद तोंड उघडे. डावा हात ते झाकतो, उघडतो, तसा खर्ज बदलतो. तत्त्व तेच, फक्त इथे भोकाचे माप हातच ठरवतो. २०१९ मध्ये घुमट गोव्याचे वारसा वाद्य झाले. घोरपडीच्या जागी बकऱ्याचे चामडे आले. जुने वादक नादातला फरक सांगतात.

नवशिक्याने आधी बंद खोकेच करावे. भोकाचे माप चुकले तर खर्ज ढबढबतो, आणि तिथे हात घालायची सोय नाही.