वेदीपासून मागापर्यंत

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाविषयी जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक धर्मांतराच्या प्रश्नापाशीच अडकून पडले आहे. कोण ख्रिस्ती झाले, का झाले, कोणी केले, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्ची पडली. बाप्तिस्म्यानंतरच्या आयुष्याचे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला, आणि श्रद्धावान माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो. ख्रिस्ती धर्मशास्त्र या बाबतीत फार कडक आहे. आमोस, यशया आणि मीखा या संदेष्ट्यांनी सण, होम आणि गाणी यांच्या आडून गरिबाला लुबाडणाऱ्यांची उपासना देवाला नकोशी आहे असे बजावले. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात माणसाने स्वतःचे शरीर, म्हणजे सगळे जगणेच, देवापुढे अर्पण म्हणून ठेवावे असे सांगितले आणि देवाला आवडणारी उपासना ती हीच, असे म्हटले. याकोबाच्या पत्राने तर अनाथ आणि विधवा यांची काळजी घेणे हाच निर्मळ धर्म ठरवला. ही शिकवण जगभरच्या ख्रिस्ती लोकांना ठाऊक आहे. ती मराठी मुलखात कशी अंगी उतरली, हे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. उपासनेची भाषा आणि रीत जिथे घरची झाली तिथेच उपासना जगण्यात शिरली, आणि जिथे ती परकी राहिली तिथे ती रविवारच्या तासाभरापुरती उरली.

पहिला पुरावा गोव्याचा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत प्रामुख्याने साष्टी भागात राहिला. त्या काळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई; वेदीवर काय चालले आहे ते साष्टीच्या शेतकऱ्याला कळत नसे. स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्यांचे, आणि 1616 मध्ये ते छापून निघाले. मिस्सा झाल्यावर, सणासुदीला, लोक जमवून ते वाचले जाई. आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ज्या छंदात जात्यावरची बाई आपले सुखदुःख गाते त्याच छंदात ऐकू आली, तेव्हा ती पाठ होण्याला वेळ लागला नसणार. पुढे राज्यकर्त्यांचे धोरण फिरले. 1684 च्या फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज धरावी असा हुकूम काढला, आणि 1736 च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्रात लग्नघरातल्या ओव्यांवरही बंदी आली. सत्तेला इतकी धास्ती वाटत होती ती नेमकी घरात शिरलेल्या गाण्याची. पुराणाच्या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या हस्तलिखित नकला होत राहिल्या. त्याच परंपरेतल्या हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. टिपूच्या कैदेतल्या ख्रिस्ती लोकांनी या पुराणाच्या वाचनावर तग धरला, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते. चर्चच्या कपाटातला ग्रंथ गेला आणि घरातला राहिला, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही.

दुसरा पुरावा घाटावरचा, आणि तो वेगळ्या पंथाचा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला उतरले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे दिले. हे न्यू इंग्लंडचे प्रोटेस्टंट. त्यांच्या उपासनेत मूर्ती नाही, धूप नाही. प्रवचन, प्रार्थना आणि पाश्चात्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते एवढाच ऐवज. हेतू शुद्ध होता, पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यात त्या चाली कोणाच्या गळ्यात बसत नव्हत्या. 1860 च्या दशकात नगरच्या मंडळीने कीर्तन हाती घेतले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पदे रचली. रात्रीची जेवणे उरकल्यावर चावडीपुढे किंवा शाळेच्या ओसरीवर कंदील टांगायचा, टाळ-मृदंगाची साथ घ्यायची आणि उभे राहायचे. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचा विचार फोडायचा, उत्तररंगात आख्यान लावायचे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत डुकरांच्या टरफलांवर पोट भरू पाहणारा तरुण आला की ऐकणारा हलायचा, कारण घर सोडून गेलेला आणि हात हलवत परतलेला मुलगा प्रत्येक गावाला माहीत होता. शेवटी बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो तिथे कीर्तनकार थांबत असे, कारण त्या जागी आणखी निरूपणाची गरज नसे.

यावर एक आक्षेप त्या काळापासून आजपर्यंत घेतला जातो: कीर्तन हे लोकांना ओढण्याचे आमिष होते, आतला माल परका आणि वेष्टण देशी. प्रचार हा कीर्तनामागचा एक हेतू होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशनऱ्यांनीच तसे उघड म्हटले आहे. पण आमिषाची गरज जिथे नसते तिथेही ही रीत टिकली, याचा उलगडा त्या आक्षेपातून होत नाही. ख्रिस्ती घरातल्या सांजप्रार्थनेत, आजाऱ्याच्या उशाशी, मयताच्या रात्री पेटी आणि टाळ घेऊन भजने म्हटली गेली. तिथे कोणाला धर्मांतरित करायचे नव्हते. ज्या गाण्याने माणूस आपल्या माणसाला निरोप देतो ते गाणे त्याचे झालेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले. पदे आणि अभंग रचून नाव मिळवणारे बरेचसे धर्मांतरित ब्राह्मण. मग ही ‘घरची’ रीत नेमकी कोणाच्या घरची? यात तथ्य आहे, आणि मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासाने ते पुरेसे मोजलेले नाही. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. भजन ही महारवाड्याला बाहेरून आलेली गोष्ट नव्हती. चोखामेळ्याचे अभंग तिथे पिढ्यान्‌पिढ्या गायले जात होते, मंदिराच्या पायरीबाहेर उभे राहून का होईना. आणि या मंडळीत उपासनेचा एक भाग असा होता की जो गाण्याहून फार महाग पडे. 1839 मध्ये हरी रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणाने नगरला बाप्तिस्मा घेतला. प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ज्या समाजात पाण्याचा थेंब विटाळाने नासत असे तिथे एका प्याल्याला ब्राह्मणाचे आणि महाराचे ओठ लागणे ही वेदीपाशी घडलेली आणि वेदीपाशी न थांबणारी गोष्ट होती. तो प्याला घेणाऱ्याला घर, वतन, सोयरीक सगळ्यावर पाणी सोडावे लागे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या मनातून जातिभेद कसा गेला ते सांगितले आहे, आणि तो गेला तो बाप्तिस्म्याच्या आधी. देवाला आवडणारी उपासना घरातल्या पाण्याच्या भांड्यापासून सुरू होते, हे त्या बाईला पुस्तकी शिक्षणाशिवाय उमगले होते.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी हा विचार टोकाला नेला. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त त्यांच्या भजनांचा वाटा फार मोठा आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. एवढ्यावर कोणीही समाधानी झाला असता. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. गाणे देशी झाले, पण ते गाणाऱ्याचे पोट परक्या संस्थेच्या पगारावर चालते आणि बाप्तिस्म्याची नोंदवही हीच श्रद्धेची हद्द मानली जाते, तोवर उपासना पुरती आपली नाही, असा त्यामागचा विचार दिसतो. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबार ओसरला. तो फसला, असे म्हणणारे चूक नाहीत. पण संस्था टिकली नाही म्हणून तिने विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. तो प्रश्न पुढेही जिवंत राहिला: तीनच वर्षांनी, 1922 मध्ये, जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. त्याचा आश्रम पुढे पुण्यात उभा राहिला. विन्स्लोनेच टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले.

माझ्या मांडणीला सर्वांत मोठे आव्हान मात्र केडगावहून येते. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन उघडले आणि 1896-97 च्या दुष्काळात केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ वसवली. संस्कृत पुराणे तोंडपाठ असलेली ही विदुषी; ओवी-अभंगाचा साज चढवणे तिला सर्वांत सोपे होते. तिने उलटी वाट धरली. तिने बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि जुन्या धर्माच्या संकल्पनांचा वास येईल अशी भाषा तिला त्यात नको होती. मग घरच्या रीतीचे काय? याचे उत्तर तिच्या बायबलाच्या वाचकांत आहे. ते भाषांतर हिब्रू आणि ग्रीक मुळावरून तिने केले ते पंडितांसाठी नव्हे. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला वाचता यावे, म्हणून. कीर्तनाच्या परंपरेत बाई बहुधा ऐकणारी होती. रमाबाईंनी तिला वाचणारी केले. म्हणजे त्यांनीही घरचीच भाषा निवडली, फक्त घरातल्या सर्वांत मागे बसलेल्या माणसाची.

आणि मुक्तीत उपासनेचा हिशेब वेगळाच होता. पहाटेची प्रार्थना झाली की कोणी मागावर बसे, कोणी तेलाच्या घाण्याकडे, कोणी गोठ्यात, कोणी शेतात, कोणी छापखान्यात. त्या छापखान्यात खिळे जुळवायचे, फर्मा बांधायचा, तपासणीची छपाई काढायची, कागद मोडायचा आणि पुस्तक शिवायचे, हे सगळे दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या विधवा शिकल्या. ज्या बाईच्या सावलीला अपशकुन मानले जाई तिच्या बोटांनी धर्मग्रंथाचे एकेक अक्षर उचलून ओळीत बसवले. आंधळ्या मुलींसाठी ब्रेलची सोय झाली. रमाबाईंची कन्या मनोरमा ते अमेरिकेत शिकून आली होती. रमाबाई एप्रिल 1922 मध्ये वारल्या, आणि समग्र बायबल 1924 मध्ये बाहेर पडले. पौलाने शरीराच्या अर्पणाविषयी जे लिहिले त्याचा मराठी मुलखातला सर्वांत स्पष्ट अर्थ मला या छापखान्यात सापडतो.

मुक्तीवरचे आक्षेप टाळून पुढे जाणे बरे नाही. शारदा सदनात मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो या कारणाने 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही माणसे रमाबाईंची शत्रू नव्हती. उपाशी, निराधार मुलीची उपासना कितपत स्वेच्छेची, हा त्यांच्या शंकेतला गाभा आजही खरा आहे. भुकेपुढे कोणाचीच निवड पूर्ण मोकळी नसते. पण त्या मुलींना दुसरीकडे कोणती निवड होती, हेही विचारावे लागते. मुक्तीने त्यांना धर्मासोबत हातात धंदा दिला, म्हणजे पुढे निवड करण्याची ऐपत दिली. दुसरा आक्षेप 1905 च्या ‘उज्जीवना’चा. त्या जूनमध्ये शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडल्या, काही कोसळल्या. अनेकांनी, त्यांत ख्रिस्तीही होते, याला उन्माद म्हटले. भावनेचा असा पूर म्हणजेच उपासना, असे मलाही वाटत नाही. पण जिने लहानपणापासून तोंड मिटून सोसले तिला देवापुढे आवाज फुटला तर त्याला नुसता उन्माद म्हणणे उथळ आहे. आणि पूर ओसरल्यावर माग चालू राहिले, भाषांतराचे काम त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ चालले. त्या दिवसांची किंमत मी त्यावरून करतो.

कॅथलिक मंडळीला मराठी मिस्सासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, थांबावे लागले. वसईत पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये संपली, तरी वेदीवरचे लॅटिन त्यानंतर सव्वादोनशे वर्षे राहिले. गाऱ्हाणी, लग्नगीते, शेतीवाडीची बोली हे सगळे मराठी, आणि देवाशी बोलणे तेवढे परके. मिस्सा मराठीत आली आणि एका पिढीच्या आत, 1980 च्या दशकाच्या अखेरीस, त्याच वसईतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या लढ्यात उडी घेतली. विहिरींचे पाणी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि वाड्या गिळणाऱ्या बांधकामांविरुद्ध तो लढा होता. धर्मगुरूने वेदी सांभाळावी, राजकारणात पडू नये, असे त्यांना त्यांच्याच लोकांतून ऐकवले गेले. या आक्षेपात एक प्रामाणिक भीती आहे: उपासनेला चळवळीचे साधन केले की देव बाजूला पडतो. तसे घडल्याची उदाहरणे जगात आहेत. परंतु शेजाऱ्याच्या विहिरीचा प्रश्न उपासनेबाहेर काढायचा, तर शेतावर शेत जोडणाऱ्यांना शाप देणारा यशयाही बायबलातून काढावा लागेल. दिब्रिटोंनी दोन्ही धरून ठेवले. लढा चालू असताना ते ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते, आणि 2010 मध्ये त्यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले, रमाबाईंच्या बायबलानंतर शहाऐंशी वर्षांनी, आणि पुन्हा साध्या वाचकाला समोर ठेवून.