'वय झालं होतं' म्हणजे नेमकं काय झालं होतं?

आपल्याकडे साठी-सत्तरीतलं माणूस गेलं की कारण एकच सांगतात, 'वय झालं होतं'. फार तर 'लकवा मारला होता'. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण हे उत्तर दोन्हीकडे तेच राहिलं.

त्यामागे काय दडलंय ते 'सर्च'ने खणून काढलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांची ही संस्था आपल्याला बालमृत्यूंच्या कामासाठी ठाऊक. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा हिशेब लावला. मृत्यू झालेल्या घरी जायचं आणि विचारायचं: हातपाय कधी गेले, वाचा कधी बसली, शेवटचे दिवस कसे होते. त्यावरून कारण ठरवायचं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे निघाले. मलेरियासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात पहिला नंबर लकव्याचा! त्यांतले शंभरात ८७ घरीच गेले, सरासरी वय ६७. आणि निम्म्याहून जास्त लोक झटक्यानंतर महिन्याहून अधिक जगले होते, म्हणजे उपचाराला वेळ होता.

आता अमेरिकेतलं फ्रॅमिंगहॅम बघा. तिथे १९४८ पासून ५,२०९ धडधाकट माणसांचं रक्त आणि बीपी दर दोन वर्षांनी तपासत गेले. कोलेस्टेरॉल आणि बीपी आजार यायच्या आधीच धोका सांगतात, हे त्यातून ठसलं. तिथे खूण जिवंत माणसात सापडली, आपल्याकडे तेरवीनंतरच्या चौकशीत. हे मला फार टोचतं.

रक्तवाहिन्या खराब होताना रक्तात खुणा उमटतात. कोलेस्टेरॉल वाढतं, साखर वाढते, किडनीतल्या बारीक नळ्या बिघडल्या की क्रिएटिनिन चढतं, सूज असेल तर सीआरपी. पण भामरागड-एटापल्लीकडच्या म्हातारीने उपाशीपोटी रक्त द्यायला जायचं कसं? आधी ती खूण बघावी जिला सुईच लागत नाही. बीपीचा पट्टा दंडाला बांधायला दोन मिनिटं लागतात. (आणि खर्रा तोंडात ठेवून बीपी मोजू नका, आकडा चढतो. हसू नका, खरंच.)

तुमच्या उपकेंद्रात साठीवरच्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं? वहीत नोंद आहे का? गावाच्या नावासकट कळवा, मी यादी करतोय.