आधी छाती, मग व्हिसा

कल्याणच्या आनंदीबाई जोशी 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याची छाती तपासण्याचा नियमच नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं, त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून बारा वर्षं होती. अठरा वर्षांच्या आनंदीबाई आधीच अशक्त होत्या. 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियात त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली, तोवर क्षयाने त्यांना घेरलं होतं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

मी आंबिवलीची. कल्याणच्या एका केंद्रात छातीचे एक्स-रे काढण्यात माझी नोकरी झाली. त्यामुळे आनंदीबाईंचं नाव निघालं की मला आधी आठवतो तो त्यांचा आजार. त्या वेळी तो कळला असता, तरी औषध कुठे होतं?

पुढे अमेरिकेत तपासणी आली, ती मात्र अडवण्यासाठी. 1891 च्या कायद्याने संसर्गजन्य रोग असलेल्यांना प्रवेशबंदी केली. 1892 पासून एलिस बेटावर डॉक्टर रांगेतल्या माणसांना न्याहाळू लागले; खुपरी हा डोळ्यांचा रोग शोधायला बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापण्या उलटत. वरच्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच होई. 1907 मध्ये क्षयही बंदीच्या यादीत आला. ज्याला तो निघे, त्याला बोटीच्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने परत न्यायचं. क्षयावर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला 1943 साल उजाडलं.

माझ्या कामाच्या काळात आमच्याकडची मुलं इंग्लंडला जायला लागली होती. मोहने-आंबिवलीच्या एनआरसी या रेयॉनच्या कारखान्यातल्या कामगारांची मुलंही त्यांत होती. हीथ्रो विमानतळावर तेव्हा आरोग्य कक्ष होता. जास्त काळ राहायला आलेल्यांना तिथे एक्स-रेसाठी थांबवत. म्हणून मुलं इथूनच फिल्म काढून नेत. ‘हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा,’ एवढंच मी सांगायचे. एखादे वडील विचारायचे, ‘ताई, फिल्मचं पाकीट मोठ्या बॅगेत ठेवू का?’ मी म्हणायचे, ‘नको काका, हातातच असू द्या आणि दुमडू नका.’

2012 मध्ये ब्रिटनने ही तपासणी प्रवासाआधीच, त्या त्या देशात करायचं ठरवलं. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर भारतातल्या विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त केंद्रात जायचं. तिथलं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाही नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी मागतात. मला हा बदल मनापासून पटतो. क्षय निघालाच, तर तो परक्या विमानतळावर एकटं असताना कळण्यापेक्षा आईवडील जवळ असताना कळलेला बरा. घरी राहून गोळ्या घेणारा रोगी रुग्णालयात ठेवलेल्या रोग्यासारखाच बरा होतो, हे 1950 च्या दशकात मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं. साधा क्षय सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. त्यानंतर पुन्हा अर्ज करता येतो.

पण एक अडचण आहे. फिल्मवर डाग दिसला की बेडका घेतात, आणि त्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, म्हणजे कल्चरचा, निकाल यायला दोन महिने लागतात. तेवढ्यात वर्ग सुरू होतात. म्हणून प्रवेशाचं पत्र हाती आलं की लगेच छाती तपासून घ्यावी, व्हिसाच्या अर्जापर्यंत थांबू नये. आणि जे देश आपल्याकडून प्रमाणपत्र मागतात, तिथल्या विद्यापीठांनी उपचार घेणाऱ्या विद्यार्थ्याची जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलीच पाहिजे. आनंदीबाईंच्या काळी या रोगावर औषध नव्हतं. आज ते आहे. म्हणून रोग निघाला, एवढ्यावरून कुणाचं शिक्षण तुटू नये.