दृष्टीचे रक्षण : नैसर्गिक उपाय आणि त्यांच्या मर्यादा

देशात २०१५ ते २०१९ या काळात करण्यात आलेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार ५० वर्षे व त्यावरील वयोगटात अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले. यातील सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. म्हणजेच वेळेवर उपचार मिळाले असते तर यातील बहुसंख्य व्यक्ती पुन्हा पाहू शकल्या असत्या.

दृष्टी टिकविण्यासाठी आणि सुधारण्यासाठी अनेक नैसर्गिक उपाय सुचविले जातात. गाजर खावे, हिरवळीवर अनवाणी चालावे, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवावेत, डोळ्यांचे व्यायाम करावेत, उगवत्या सूर्याकडे पाहावे, असे सल्ले घरोघरी दिले जातात. यांपैकी काही उपायांना वैद्यकशास्त्राचा भक्कम आधार आहे, काही निरुपद्रवी पण निष्फळ आहेत, तर काहींमुळे असलेली दृष्टीही गमावण्याचा धोका असतो. त्यामुळे कोणता उपाय कशासाठी आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आले आहे. रोगाला कारणीभूत होणाऱ्या गोष्टी टाळणे, म्हणजेच निदानपरिवर्जन, हे तेथे उपचाराचे सार मानले आहे. धूर, झोपेची अनियमितता आणि अतिसूक्ष्म वस्तूंकडे पाहात राहणे यांचा त्या कारणांत समावेश आहे. नैसर्गिक उपायांचे खरे सामर्थ्य आजही याच तत्त्वात आहे. ते प्रामुख्याने रोग होऊ देत नाहीत. झालेला रोग बरा करण्याची त्यांची शक्ती मात्र फार मर्यादित आहे.

आहार आणि रातांधळेपणा

मंद प्रकाशात दिसण्यासाठी डोळ्यांच्या आतील पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, रोडॉप्सिन नावाचे द्रव्य असते. ते तयार होण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते. या जीवनसत्त्वाची कमतरता झाल्यास प्रथम रातांधळेपणा येतो. संध्याकाळ झाली की मूल अडखळू लागते, ताटातील अन्न चाचपू लागते. त्यानंतर डोळे कोरडे पडतात, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसू लागतात आणि उपचार न झाल्यास पारपटल, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक आवरण, मऊ होऊन नष्ट होते. ही अखेरची अवस्था आल्यावर गेलेली दृष्टी आहाराने परत येत नाही. गोवर आणि दीर्घकाळच्या अतिसारानंतर हा धोका विशेष वाढतो.

या कारणास्तव भारत सरकारने १९७० मध्ये बालकांना 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला. सध्याच्या पद्धतीनुसार नवव्या महिन्यात १ लाख युनिटची पहिली मात्रा आणि त्यानंतर पाच वर्षे वयापर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटची मात्रा, अशा एकूण नऊ मात्रा देण्यात येतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते व अतिरिक्त झाल्यास विषारी ठरते. म्हणून ते आरोग्य कर्मचाऱ्यांकडूनच घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्याच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत.

दैनंदिन आहारातून ही गरज भागविणे कठीण नाही. दूध, तूप, अंडी व यकृत यांत 'अ' जीवनसत्त्व तयार स्वरूपात असते. शेवग्याचा पाला, राजगिरा, पालक, मेथी, गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा आणि पपई यांत कॅरोटिन असते व शरीर त्याचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करते. कॅरोटिन स्निग्ध पदार्थासोबत चांगले शोषले जात असल्याने पालेभाजी थोड्या तेलाच्या फोडणीत शिजविणे हितकारक ठरते.

मात्र शरीरात या जीवनसत्त्वाची कमतरता नसेल, तर कितीही गाजरे खाल्ली तरी दृष्टी अधिक तीक्ष्ण होत नाही आणि चष्म्याचा क्रमांकही कमी होत नाही.

मोकळे आकाश आणि मुलांचा चष्मा

लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अस्पष्ट दिसणे, हा बहुतेक वेळा नेत्रगोल वाजवीपेक्षा लांब झाल्याचा परिणाम असतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात केवळ १ मिलिमीटरची वाढ झाली तरी चष्म्याचा उणे क्रमांक साधारणपणे अडीच ते तीनने वाढतो. वाढलेली लांबी नंतर कमी होत नाही. उणे क्रमांक फार मोठा असणाऱ्यांमध्ये दृष्टिपटल सुटण्याचा व काचबिंदूचा धोकाही अधिक असतो.

या बाबतीत मोकळ्या जागेत घालविलेला वेळ हा सर्वांत आश्वासक नैसर्गिक उपाय ठरला आहे. चीनमधील ग्वांगझो शहरात प्राथमिक शाळांतील मुलांना दररोज ४० मिनिटे अधिक वेळ घराबाहेर घालविण्यास लावण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांनी दररोज १२० मिनिटे बाहेर राहावे, यासाठी मोहीम राबविण्यात आली आहे. दिल्लीतील शाळकरी मुलांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लघुदृष्टीचे प्रमाण १३.१ टक्के आढळले. दररोज दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांमध्ये ते कमी होते.

वर्गखोलीत प्रकाशाची तीव्रता सामान्यतः काहीशे लक्स असते, तर उघड्यावर ती १० हजार लक्सहून अधिक असू शकते. तेजस्वी प्रकाशामुळे दृष्टिपटलात डोपामिन स्रवते व नेत्रगोलाची लांबी वाढण्यास आळा बसतो, असे मानले जाते. यासाठी भर उन्हात उभे राहण्याची गरज नाही. झाडाच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश असतो. चष्मा लागण्यापूर्वी या सवयीचा लाभ सर्वाधिक होतो.

वाचन, पडदा आणि विश्रांती

संगणक वा मोबाइलच्या पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे होणे, जळजळणे व डोके दुखणे असे त्रास होतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात, असा सोपा नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. पुस्तक डोळ्यांपासून सुमारे एक फुटाच्या अंतरावर धरावे व पुरेशा उजेडात वाचावे. या विश्रांतीने थकवा दूर होतो. क्रमांक उतरत नाही.

धूर, धूळ आणि ऊन

चेहऱ्याची स्वच्छता हाही दृष्टिरक्षणाचा मोठा उपाय आहे. खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा, या संसर्गाने एकेकाळी देशात असंख्य लोकांची दृष्टी हिरावली होती. औषधोपचारांबरोबरच चेहरा धुण्याची सवय, स्वच्छ पाणी व परिसर स्वच्छता यांवर भर दिल्याने त्याला आळा बसला. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपरीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

चुलीचा धूर, तंबाखूचे धूम्रपान आणि उन्हातील अतिनील किरण यांचा मोतीबिंदूशी संबंध आढळून आला आहे. धूम्रपानामुळे उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याचा धोकाही वाढतो. शेतात काम करताना डोळ्यात कुसळ किंवा पानाची कड लागल्यास बुरशीचा संसर्ग होऊन पारपटलावर व्रण होऊ शकतो. कापणी, मळणी व वेल्डिंगच्या वेळी संरक्षक चष्मा वापरणे हा अल्पखर्चाचा उपाय आहे.

व्यायामाने चष्मा सुटतो काय?

अमेरिकेतील नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चष्म्याशिवाय दृष्टी सुधारण्याची पद्धती मांडली. तळहातांनी डोळे झाकणे, नजर फिरविणे, सूर्यप्रकाशाला डोळे सामोरे करणे असे प्रकार तीत आहेत. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी यासाठी डोळ्याबाहेरील स्नायू काम करतात, असे बेट्स यांचे प्रतिपादन होते. प्रत्यक्षात हे कार्य डोळ्यातील भिंग आपला आकार बदलून करते. त्यामुळे व्यायामाने लघुदृष्टी जाते हा दावा टिकला नाही. काही विशिष्ट दोषांत, उदाहरणार्थ जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र वळविण्यात अडचण येत असल्यास, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम उपयुक्त ठरतात.

सूर्याकडे थेट पाहणे, मग तो ग्रहणातील असो वा सकाळचा, टाळलेच पाहिजे. त्यामुळे दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. मुलांना चष्मा न दिल्याने क्रमांक वाढणे थांबते, ही समजूतही चुकीची आहे. लहान वयात एका डोळ्याचा दोष दुर्लक्षित राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा स्वीकारण्याचे थांबवितो व तो डोळा मंद होतो. साधारण सात-आठ वर्षांच्या वयानंतर यावरील उपचारांचा परिणाम कमी होत जातो.

डोळ्यात काय घालू नये

मध, कांद्याचा रस, झाडपाल्याचा रस, एरंडेल किंवा आईचे दूध डोळ्यात घालण्याची प्रथा अनेक भागांत आढळते. हे पदार्थ निर्जंतुक नसतात. घरी केलेल्या त्रिफळ्याच्या काढ्यालाही हेच लागू होते. लाल झालेल्या वा जखमी डोळ्यात ते गेल्यास व्रण चिघळून दृष्टी जाऊ शकते. काही प्रकारच्या सुरम्यात व काजळात शिसे आढळले असून ते बालकांना विशेष अपायकारक आहे. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंबही दीर्घकाळ वापरल्यास मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. डोळ्यात रसायन उडाल्यास मात्र ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा व नंतर रुग्णालय गाठावे.

तपासणी केव्हा करावी

काचबिंदू व मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार हे दोन्ही आजार प्रारंभी वेदनारहित असतात आणि त्यांनी गमावलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही. म्हणून वयाच्या चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, तर मधुमेहींनी वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करावी. रक्तातील साखर व रक्तदाब नियंत्रणात ठेवणे, हा त्यांच्या दृष्टीसाठी सर्वांत प्रभावी उपाय होय. मुलांची तपासणी शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी करावी. मूल तिरळे पाहात असेल, टीव्हीजवळ जाऊन बसत असेल किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर वाट पाहू नये.

देशात १९७६ पासून राबविण्यात येत असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य केली जाते, तसेच दृष्टिदोष आढळलेल्या गरजू शालेय विद्यार्थ्यांना चष्मे देण्यात येतात. दृष्टी अचानक कमी होणे, डोळ्यात तीव्र वेदना, प्रकाशाचे लखलखाट किंवा नजरेसमोर पडदा आल्याची जाणीव यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.