वाख, दोर आणि केरसुणी

घायपाताची पाने कापून पाण्यात कुजत घालतात. काही दिवसांनी ती दगडावर मोगरीने ठेचून गर धुऊन काढला की हाती पांढरट धागे उरतात; त्यांना वाख म्हणतात. महाराष्ट्रात दोर वळण्याचा मातंग समाजाचा धंदा या वाखावर उभा होता.

घायपात किंवा केकताड मूळचे मेक्सिकोकडचे. इथे ते शेताच्या बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला कुंपण म्हणून लागले आणि माळरानावर आपले आपण पसरले. दोरासाठी अंबाडीही होती, ज्वारी-बाजरीच्या कडेने पेरलेली. रानातल्या आपट्याची साल आणि पळसाची मुळेही उपयोगी पडत. यांतून कासरा, दावे, शिंके, बैलांची मुसकी तयार होई. सर्वांत कठीण काम मोटेच्या नाड्याचे. पाण्याने भरलेली कातडी मोट तो दिवसभर ओढी. तुटला तर मोट विहिरीत. सगळा पीळ एकसारखा बसला की नाही, यातच वळणाऱ्याची परीक्षा होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात बलुतेदारांची कामे आणि त्यांचे हक्क तपशिलाने आले आहेत. मातंगही बलुतेदारच; दोर-केरसुण्यांच्या बदल्यात त्यांना सुगीला खळ्यावर धान्य मिळे. त्यांचे दोर प्रत्येक गोठ्यात असत, वस्ती मात्र गावकुसाबाहेर. या धंद्याचे कौतुक करताना ही गोष्ट वगळता येत नाही.

पुण्यात या समाजाच्या इतिहासाच्या खुणा स्वारगेटच्या आसपास आहेत. उत्तरेला गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या, याच समाजातील मुक्ता साळवे यांचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईतील क्रौर्य सांगताना त्यात स्वारगेटलगतच्या गुलटेकडीच्या मैदानाचे नाव येते.

विहिरींवर डिझेल इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट थांबली आणि नाड्याचे गिऱ्हाईक संपले. पाठोपाठ नायलॉनचा दोर आला. तो भिजून कुजत नाही. वाखाचा दोर झिजतो आणि उकिरड्यावर पडला की खत होतो. शेतकऱ्याने टिकाऊ माल निवडला, त्यात त्याची चूक नव्हती. पण तेव्हापासून तुटक्या दोराचे तुकडे बांधावर तसेच पडून राहू लागले. 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हा कुजणाऱ्या वस्तूंचे मोल नव्याने बोलले जाऊ लागले.

केरसुणी मात्र टिकली. ती शिंदीच्या पानांची. शिंदी ओढ्याकाठी कोणी न लावता वाढते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत असल्याने दिवाळीत पुण्याच्या मंडई परिसरात तिचे ढीग लागतात. घरोघरी जिची लक्ष्मी म्हणून पूजा होते, ती बांधणाऱ्या हातांना मोबदला कमीच मिळत आला आहे.

राहिला प्रश्न वाख काढल्यावर उरलेल्या चोथ्याचा. घायपाताच्या जातीतल्या सिसलमध्ये पानाच्या वजनाच्या सुमारे 4 टक्केच वाख निघतो, बाकी सारा गर आणि पाणी. टांझानियात हाले येथील सिसल मळ्यावर या चोथ्यापासून बायोगॅस आणि वीज काढण्याचा प्रकल्प उभा राहिला. टाकाऊ पानांपासून इंधन काढण्याचे असेच काम पुण्यातही झाले: आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा कोळसा केला. बंद पिंपात पाचट तापवतात, त्यातून निघणारा वायूच भट्टीला जळण पुरवतो आणि उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात. या कामाला 2002 मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचटाऐवजी रानातला वाळका पालापाचोळाही या भट्टीत चालतो.