तान्ह्या पिलांचे माप

विसाव्या शतकाच्या आरंभी मनिला शहरात अंगावर पिणारी मुले दोन-तीन महिन्यांची होतात न होतात तोच दगावत. आवाज बसे, रडणे ऐकू येईनासे होई, धाप लागे आणि मूल हातचे जाई. आई मात्र बहुधा हिंडतीफिरती असे. व्हेडर व चेंबरलेन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९१२ साली अशा मुलांना तांदळाच्या कोंड्याचा अर्क पाजला आणि ती बरी झाली. आई गिरणीचा पांढरा तांदूळ खाई. बेरीबेरी टाळणारे द्रव्य तिच्या दुधात पुरेसे उतरतच नव्हते.

मग तान्ह्याला हे द्रव्य लागते तरी किती? माणसाच्या मुलाला उपाशी ठेवून हे पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पांढऱ्या उंदरांकडे वळले. दूध तुटलेल्या पिलाचे काम सोपे: अन्न तोलून द्यावे, पिलू तोलून पाहावे. तान्ह्या पिलाचे ताट म्हणजे त्याची आई! तिने खाल्लेले किती तिच्या अंगी लागले आणि किती दुधात उतरले, हे कोणता तराजू सांगणार?

यासाठी ज्या युक्त्या योजल्या गेल्या, त्या आम्हांस या विषयाचा खरा गाभा वाटतात. वेतातली सहाच पिले ठेवीत, म्हणजे प्रत्येक आईवर भार सारखा. पिंजऱ्याला तळ जाळीचा. कारण उंदीर आपली लेंडी खातो आणि तिच्यातूनही ब जीवनसत्त्व पोटात जाते. एवढे करूनही सोळा-सतरा दिवसांची पिले आईच्या अन्नात तोंड घालू लागत आणि हिशेब बिघडे!

१९२८ साली कॅलिफोर्नियातील एव्हन्स आणि बर यांनी दाखविले की, पिले पाजणाऱ्या उंदरीला ब जीवनसत्त्व वाढत्या उंदराच्या कित्येक पट लागते. त्याच सुमारास अर्कान्सा विद्यापीठात बार्नेट शुअर यांनी ते आईला वगळून थेट पिलांच्या तोंडी घातले. मरू घातलेली पिले सावरली, आणि तीही आईला द्याव्या लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी मात्रेत. बाकीचे वाटेतच, आईच्या देहात, खर्ची पडत होते.

पण उंदरीचे गुणोत्तर बाईला लावणे आम्हांस मान्य नाही. दूध तुटायच्या वेळी, म्हणजे एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, सहा पिलांचे वजन जवळजवळ आईइतके भरते. एवढा बोजा कोणत्या बाळंतिणीवर असतो? अमेरिकेत १९९८ साली ठरलेल्या प्रमाणात स्त्रीला ब-१ रोज १.१ मिलिग्रॅम, तर अंगावर पाजणारीला १.४ मिलिग्रॅम सांगितले आहे. वाढ थोडीच, पण तान्ह्याच्या वाट्याला ती आली नाही तर काय होते, हे २००३ साली इस्रायलमध्ये पुन्हा दिसले. तेथे सोयाबीनच्या डबाबंद शिशुआहारात ब-१ पुरेसे नव्हते. मुले आईच्या अंगावर नव्हती, डब्यावर होती. आणि त्यांतली काही बेरीबेरीने गेली.